माझ्या नावावरची रायफल

९ ऑक्टोबर, रविवार

हरणांच्या शिकारीचा, धनुष्याचा मोसम सुरू होऊन आठवडा झाला आणि रेनो घरात आहे. लग्नाला दहा वर्षं झाली, पण ऑक्टोबरात हा माणूस मला दिवसाउजेडी घरात कधी दिसला नव्हता. एप्रिलात खांद्याचं ऑपरेशन झालं. धनुष्य आता विसरा, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. रेनोने मान डोलावली आणि विसरला काहीच नाही. आज मी भांडी घासत होते, त्याला वाटलं माझं लक्ष नाही. अंगणात जाऊन त्याने धनुष्य उचललं, दोरी जेमतेम अर्धी ओढली, मग ते खाली ठेवून कितीतरी वेळ खांदा धरून उभा राहिला. आत आल्यावर म्हणाला, "वारा सुटलाय." मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय म्हणणार!

आता दिवसभर टीव्हीवर हवामान बघत बसतो. कुठकुठल्या राज्यांतलं हवामान, आपल्याला त्याचं काय? जेवतो नीट, बोलतो नीट, पण माणूस आतून बसला आहे. वृद्धाश्रमात मी रोज बसलेली माणसं उठवते. घरी येऊन आणखी एकाला उठवायचं बळ माझ्यात उरत नाही. पण नवरा आहे, तिथे ड्यूटी संपली असं म्हणता येत नाही.

पाच नोव्हेंबरला त्याला साठ पूर्ण होतात. मी ठरवलंय, रायफल द्यायची. पंधरा नोव्हेंबरला बंदुकीचा मोसम उघडतो तेव्हा सगळं गाव जंगलात असतं, शाळासुद्धा बंद. माझा दीर ऑनी आणि त्याचे मित्र शिकारीच्या कॅम्पवर जातात, आणि हा एकटा मागे राहतो. दरवर्षी विचारलं की म्हणतो, "बंदुकीने काय, कोणीही मारेल. त्यात कसब नाही." असेल बाबा. पण साठीच्या, एका खांद्याच्या माणसाने कसब जरा बाजूला ठेवलं तर काय बिघडतं? माझ्या आईने बाबांना रायफल दिली होती. माझी जाऊ शर्ली, तिने ऑनीला दिली. इथल्या निम्म्या लग्नांत अंगठीनंतरची मोठी भेट तीच असते. मीच तेवढी दहा वर्षं स्वेटर देत आले.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

डबल ड्यूटी. दोन जणी आजारी म्हणून आल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या वाटणीचं माझ्या अंगावर. पायांना सूज आहे. बूट काढायला रेनो खाली बसला, नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

आज गुरुवार, म्हणजे लॉइस आली होती. लॉइस ही रेनोची पहिली बायको. तिची आई आमच्या वृद्धाश्रमात आहे, तेव्हा नवऱ्याच्या आधीच्या सासूला मीच रोज अंघोळ घालते. एवढ्याशा गावात असंच असायचं. आमचं दोघींचं वाकडं काही नाही. ती "बरी आहेस?" म्हणते, मी "बरी आहे" म्हणते. त्यांचं दारूपायी मोडलं एवढं मला माहीत आहे. ती गेली तेव्हा रेनोने दारू सोडली, मी तेव्हा त्याच्या आयुष्यात नव्हतेसुद्धा. आज तिला दोनदा हाक मारली तरी वळून बघेना. मग लक्षात आलं, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, लहानपणी काही झालं असणार. पुढून जाऊन सांगितलं, की तुझ्या आईने सकाळपासून काही खाल्लं नाही. तिने पिशवीतून घरचा वेलदोड्याचा पाव काढला आणि म्हातारीने तो मुकाट्याने खाल्ला. आम्ही तासभर मिनतवाऱ्या करत होतो ते वाया.

१५ ऑक्टोबर, शनिवार

नॉर्मच्या बंदुकांच्या दुकानात गेले होते. नॉर्म माझ्या वर्गातला. माझ्यावर हुकूम गाजवायची त्याची सवय तेव्हापासूनची.

"कोणासाठी?" म्हणाला.

"रेनोसाठी. साठीची भेट."

नॉर्मने चष्मा काढून पुसला. "पैसे कोणाचे?"

"चोरीचे नाहीत. तुला काय करायचंय?"

"हेल्मी, मी गंमत करत नाहीये. पैसे त्याने दिले आणि घेतलीस तू, तर ती भेट नाही. त्याच्या जागी तू उभी राहून घेतलीस असं होतं, आणि त्याला तुरुंग आहे. फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, खरा घेणारा कोण? तुझे पैसे, तुझी मर्जी, मग ती भेट. मग चालतं."

"माझे पैसे, माझ्या ओव्हरटाइमचे. या पायांनी मिळवलेत. दाखवू पाय?"

"पाय राहू दे. रेनोला विचारलंस?"

"विचारून दिली तर भेट कसली ती?"

मग म्हणाला, पैसे भरून भेटीचं कूपन घेऊन जा, रेनो येईल, हातात धरून बघेल, फॉर्म स्वतः भरेल, ते सगळ्यात स्वच्छ. मी म्हटलं, साठीला नवऱ्याच्या हातात कागदाचा तुकडा देऊ? त्यावर म्हणे, तुला हवी ती रायफल सध्या नाहीच. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर टांगलेली मला सरळ दिसत होती.

"ती ऑर्डरची आहे."

"कोणाची?"

"आहे कोणाची तरी. रेनोशी बोल, हेल्मी."

धंद्याचा कंटाळा आला असेल तर दुकान बंद करावं माणसाने. गिऱ्हाइकाला शिकवत बसू नये. येताना बर्फाचे चार कण पडले.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

शर्लीला फोन केला. पाच तारखेला जेवायला या म्हटलं आणि न राहवून रायफलचंही सांगितलं.

"रेनोला विचारलंस का गं?"

"तू पण?"

"नाही, म्हणजे... तुमचं दोघांचं बोलणं झालंच असेल ना सगळं? आधीचं?"

"आधीचं काय? त्याला बंदूक आवडत नाही ते? माहीत आहे मला. दहा वर्षं ऐकतेय."

"बरं," म्हणाली. "तुला माहीत असेल तर बरं." आणि केक कोणता करतेस वगैरे विचारत बसली.

या घराण्याला एखाद्याचा आनंद बघवतच नाही. सगळ्यांनी मिळून रेनोला घरी एकटं टाकलंय, आणि बायको काही करते तर तिला सतरा प्रश्न.

२२ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडी हाकत शहरात गेले. नॉर्म नाही तर दुसरा कोणी. मोठं दुकान, तंबू, बूट, होड्या, सगळं एका छपराखाली. काउंटरवर एक मुलगी होती, नखं निळी. तिला सांगितलं की नवऱ्याला द्यायची आहे, पैसे माझे आहेत, त्याला माहीत नाही. ती म्हणाली, "मग तुम्हीच खऱ्या घेणाऱ्या. इथे हो म्हणा. भेट चालते. फक्त ज्यांना देणार त्यांना बंदूक ठेवायची मनाई नको."

"मनाई? अगं, तो रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबतो."

ती हसली. मग फॉर्मवरचे प्रश्न मला विचारले. गुन्हा? नाही. फरार? या पायांनी? नाही. अमली पदार्थ? गुडघ्याच्या गोळीखेरीज नाही. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "घरातल्या माणसाला मारहाण केल्याची शिक्षा?" मी म्हटलं, "अजून तरी नाही, पण नवऱ्याने हवामान बघणं थांबवलं नाही तर सांगता येत नाही." आम्ही दोघी हसलो. तिने कुठेसा फोन लावला, माझं नाव सांगितलं, आणि थोड्या वेळाने मला हिरवा कंदील मिळाला. अक्रोडाच्या लाकडाची आहे, सुंदर आहे. हातात घेतल्यावर बाबांची आठवण आली. परत येताना एकटीच गाडीत गाणं म्हणत होते, आणि तसं मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

रायफल पाहुण्यांच्या खोलीत, पलंगाखाली, हिवाळी रजयांच्या मागे ठेवली आहे. आज कामावरून आले तर रेनो त्याच खोलीत झाडत होता. म्हटलं, "राहू दे, मी करीन." म्हणाला, "तू दमून येतेस. मी काय, बसूनच आहे." थोडक्यात वाचले.

पलंगाखाली ती ठेवताना जुनं काही आठवलं. लग्न झालं तेव्हा मी बाबांची बंदूक घेऊन या घरात आले होते. रेनोने ती दारातच थांबवली. म्हणाला, ही तुझ्या भावाकडे राहू दे, माझ्या घरात नको. मला लागलं होतं ते. माझ्या बाबांची वस्तू याला नकोशी झाली असं वाटलं, आठवडाभर धड बोलले नव्हते. त्याने त्यावर चकार शब्द काढला नाही. बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. त्याचं तसंच आहे. राग आला की हा माणूस उठतो, दार हलकेच लावतो, आणि लाकडं फोडतो. दहा वर्षांत माझ्यावर एकदासुद्धा आवाज चढवलेला नाही. कामावरच्या बायका नवऱ्यांच्या गोष्टी सांगतात तेव्हा मी गप्प बसते. दृष्ट लागायची.

खांदा गेल्यापासून लाकडं फोडणंही बंद आहे. आता नुसता जाऊन ढिगाऱ्यापाशी उभा राहतो.

६ नोव्हेंबर, रविवार

कालचं लिहायला काल हात उचलला नाही.

ऑनी आणि शर्ली शनिवारचं वाफेचं स्नान, सौना, उरकून पाचला आले. मटण भरून करंजीसारखे भाजलेले पास्टी केले होते, रेनोला आवडतात तसे, गाजर न घालता. केक कापला. मग मी आतून लांब खोका आणला, वर लाल फीत. खोका बघितला आणि ऑनीने काटा ताटलीत ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी आपली हसत होते. रेनोने फीत सोडली. झाकण उचललं. आणि हात मागे घेऊन मांडीखाली घातले. लहान मुलं गरम तव्यापासून घेतात ना, तसे.

"आवडली नाही का?" मी म्हटलं. "अरे, हातात तरी घे."

"हेल्मी," ऑनी म्हणाला, "बंद कर ते."

"तू गप रे. भेट त्याची आहे."

"हेल्मी, बंद कर म्हणतो ना!"

माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून हा माझ्यावर ओरडतो! मी रेनोकडे पाहिलं, तो काही बोलेल म्हणून. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "फार सुंदर आहे," तो म्हणाला, मला की रायफलला कोण जाणे, आणि उठून बाहेर गेला. दार हलकेच लावलं. शर्लीने झाकण लावलं, खोका उचलला, आणि सरळ त्यांच्या गाडीत नेऊन ठेवला.

"आमच्याकडे राहू दे," ती म्हणाली.

"का म्हणून?"

तिने माझा हात धरला. "त्याने तुला खरंच काही सांगितलं नाही? मला वाटलं त्याने सांगितलं असेल. देवाशपथ, हेल्मी, सगळ्यांना तेच वाटत होतं."

ते गेले. केक तसाच. मी ताटल्या विसळल्या, कारण त्या कोणीतरी विसळायलाच हव्या होत्या.

आज दुपारी रेनो म्हणाला, "चल, गाडीत बस." तळ्यापर्यंत गेलो. हीटर चालू ठेवला आणि काचेतून पाण्याकडे बघत तो बोलला. बोलायला मुळीच येत नाही त्याला, पण बोलला.

"लॉइसच्या वेळची गोष्ट आहे. मी तिच्यावर हात उचलला. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. कोर्टात कबूल केलं. दंड झाला आणि वर्षभर कोर्टाकडे हजेरी लावायला लावली. तेव्हा कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मलाही नाही. त्याच आठवड्यात ऑनीबरोबर शिकारीला गेलो." त्याने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "पुढे शहाण्णव साली कायदा आला. घरच्या माणसाला मारल्याची शिक्षा झाली असेल, कितीही जुनी, तर जन्मात बंदूक धरायची नाही. घरात ठेवायचीही नाही. होत्या त्या सगळ्या ऑनीला विकल्या, आणि धनुष्य शिकलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्या वर्षी सांगणार होतो. मग तू म्हणालीस, की माझ्यासारखा शांत माणूस तू पाहिला नाहीस."

मी हीटर बारीक केला. मग विचारलं, "कितीदा?"

"काय कितीदा?"

"हात उचललास ते."

"कोर्टात गेलं ते एकदा," तो म्हणाला.

एकदा. दारू प्यायलेला, तरुण, कितीतरी वर्षांपूर्वीचा. माझ्या बाबांनी आईवर एकदा ताट भिरकावलं होतं, म्हणून काय जन्मभर त्यांच्या नावावर लिहून ठेवलं कोणी? मला राग येतोय. त्याचा येतोय, गावाचा येतोय, कायद्याचा येतोय. सगळ्यात जास्त माझा, कारण मी त्या निळ्या नखांच्या मुलीबरोबर हसले होते.

८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत वृद्धाश्रमाच्या मागच्या जिन्यात बसून वकीलबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, रायफल तुमच्या घरात होती तोवर त्यांना ती आहे हे माहीत नव्हतं आणि मनाई आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून दोघं सुटलात. आता दोघांनाही माहीत आहे. आता ती घरात आली, भले तुमच्या नावावर असो, कुलपात असो, आणि त्यांचा हात पोचण्यासारखी असली, तर त्यांना तुरुंग, आणि जाणूनबुजून दिलीत तर तुम्हालाही. नवराबायको आहात याने काही फरक पडत नाही. उलट एका घरात राहता त्यामुळेच पडतो, असं म्हणाल्या.

पण एक वाट आहे. एकच शिक्षा असेल, जुनी असेल, पुढे काही वावगं नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ती पुसून घेता येते. पुसली की मनाईही जाते. बाई म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याचं होण्यासारखं आहे. फक्त जिला मारलं तिला नोटीस जाते. तिला कोर्टात येऊन बोलायचा हक्क असतो.

घरी येऊन रेनोला सांगितलं. मला वाटलं होतं, चेहरा उजळेल.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "लॉइसला नोटीस जाईल."

"मग जाऊ दे की! भली बाई आहे ती."

"भली आहे म्हणूनच."

"इतकी वर्षं झाली, रेनो. एवढं पुरे नाही का?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. कुठेतरी वादळ येणार होतं. मग मी ठरवलं, याच्याच्याने होणार नाही, मलाच काहीतरी करायला हवं. या घरात नेहमी तसंच होतं.

१० नोव्हेंबर, गुरुवार

लॉइस आली तेव्हा तिची आई झोपली होती. ती खुर्चीत बसून विणत होती. मी उशी सारखी करायच्या निमित्ताने आत गेले आणि तिच्या शेजारी उभं राहून, मनात घोकून ठेवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. रायफलचं, खांद्याचं, अर्जाचं. नोटीस आली तर तेवढं विरोधात बोलू नकोस, म्हटलं. तो आता तो माणूस राहिला नाही, म्हटलं. तिच्या सुया चालूच. शेवटी तिला माझी सावली दिसली आणि तिने वर पाहिलं.

"अगं, तू काही बोलत होतीस का? या बाजूला ये. त्या कानाने मला सत्त्याऐंशीपासून काही ऐकू येत नाही."

"मला वाटायचं, लहानपणापासून."

"लहानपणी दोन्ही चांगले होते," लॉइस म्हणाली.

मी दुसऱ्या बाजूला गेले. पण घोकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. उशी हातातच राहिली.

"रायफलचं ना?" तीच म्हणाली. "शर्ली भेटली होती दुकानात. अर्ज करायचाय का त्याला?"

"त्याला नाही. मला."

"करू दे की. मी काही भांडायला जाणार नाही. पण बोलावलं तर जाईन, आणि जज विचारतील त्याला खरी उत्तरं देईन. कितीदा म्हणून विचारलं तर कितीदा ते सांगेन. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं." तिने विणकाम मांडीवर ठेवलं. "तुला मारतो का?"

"नाही."

"हेल्मी, इथे कोणी ऐकत नाहीये."

"नाही गं, खरंच नाही. कधीच नाही. साधा ओरडत पण नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडते की काय. रडली नाही. "बरं झालं," म्हणाली. "तो रेनो मला नाही मिळाला. पण बरं झालं."

मग तिची आई जागी झाली आणि पाणी मागू लागली. मी उशी धरूनच उभी होते, तेव्हा लॉइसनेच पेला उचलला आणि स्वतः पाजलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. काय मागायला गेले होते मी तिच्याकडे!

१३ नोव्हेंबर, रविवार

रायफल नॉर्मकडे विकायला ठेवली. शर्लीच तिच्या गाडीतून घेऊन आली, मी फक्त सही करायला गेले. नॉर्म म्हणाला, "ही तुझीच होती, हेल्मी. देऊन होईपर्यंत भेट ही देणाऱ्याचीच असते." मग जरा घुटमळून म्हणाला, "मला पक्कं माहीत नव्हतं गं. गावात बोलतात तेवढंच." मी म्हटलं, "गावाने माझ्याशी बोलायचं होतं." त्याने सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

रेनोला अर्जाचं पुन्हा काही म्हणणार नाही. लॉइसला भेटले तेही सांगितलं. त्याने नुसतं विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे. विणते." बाकीचं माझ्या तोंडून निघालं नाही. त्यालाही ऐकायचं नव्हतं.

आणि मग ते झालं. आम्ही जेवायला बसलो होतो. टेबलावरच्या दिव्याची साखळी माझ्या डोक्यावर लोंबते. अंधारून आलं म्हणून त्याने दिवा लावायला हात वर केला, आणि मी दचकले. डोकं खांद्यात घातलं, डोळे मिटले. का, ते मला सांगता येणार नाही. त्याच हाताने हा माणूस माझे बूट काढतो. डोळे उघडले तेव्हा त्याचा हात तसाच हवेत होता. मग त्याने तो सावकाश खाली आणला, दुसरा हातही टेबलावर आणला, दोन्ही पालथे ठेवले, आणि हलला नाही. दिवा कोणीच लावला नाही.

थोड्या वेळाने तो ताटली घेऊन गॅरेजमध्ये जेवायला गेला. मी त्याला हाक मारली नाही. मारायला हवी होती, हे कळत होतं.

इतकी वर्षं मी त्याच्या शांतपणाचं कौतुक करत आले. स्वभावच आहे म्हणायची. स्वभाव कसला! ती ड्यूटी होती. माझ्यासारखीच, रोजची, सुट्टी नसलेली. मला त्याची दया आली, आणि दया आल्याचा राग आला. कारण ड्यूटीवर तो माझ्यासाठी उभा राहिला, आणि कान लॉइसचा गेला.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

मोसम उघडला. उजाडल्यापासून जंगलातून बार ऐकू येतायत. रस्त्यावर एक गाडी नाही. वृद्धाश्रमात आज दुपारची ड्यूटी मिळाली, म्हणून सकाळी घरी होते.

गेले दोन दिवस रेनो माझ्याजवळून जाताना वाटेत थांबतो आणि मला आधी जाऊ देतो. वस्तू द्यायची तर टेबलावर ठेवतो आणि बाजूला होतो. मी म्हटलं नाही, की असं करू नकोस. खरं सांगायचं तर मला त्याने बरंच वाटत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

आज तो मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसला होता, बार ऐकत. प्रत्येक बाराला मान जराशी वळायची, कोणत्या बाजूचा ते बघायला. मी दार उघडलं तसा तो उठायला लागला.

"बस," मी म्हटलं. "कुठे निघालास?"

"तुला बसायचं असेल तर मी तिकडे..."

"रेनो, माझे पाय दुखतायत. मी दमलेय. आणखी एक माणूस सांभाळायची ताकद माझ्यात नाही. बस खाली."

तो बसला, अगदी कडेला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले, चांगल्या खांद्याच्या बाजूला, त्याचा हात सहज पोचेल इतकी जवळ. मुद्दाम बसले. भीती वाटली, ते इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. पाठ ताठ झाली होती माझी. त्याला ती ताठ झालेली कळली असणार. तो हात मांडीखाली घालायला लागला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे बाहेर."

त्याने हात गुडघ्यावर ठेवला. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. त्याने मला हात लावला नाही, आणि मीही सरकले नाही. मग माझी ड्यूटीची वेळ झाली.